इंटरप्ट : दाद ना फिर्याद

इंटरप्ट म्हणजे प्रोसेसरच्या कामात एखाद्या उपकरणाने हक्काने घातलेला व्यत्यय. कळफलकावर बोट पडले, नेटवर्क कार्डात पॅकेट येऊन पडले किंवा डिस्कने मागितलेला मजकूर आणून ठेवला, की ते उपकरण एका तारेवरचा विद्युतदाब बदलते. प्रोसेसर हातातली आज्ञा पुरी करून थांबतो, आपण कुठे होतो याची नोंद स्टॅकवर ठेवतो, क्रमांक पाहून त्या उपकरणासाठी लिहिलेला कोड, म्हणजे हँडलर, चालवतो आणि काही मायक्रोसेकंदांत परत येऊन पहिले काम असे पुढे नेतो की जणू मध्ये काही घडलेच नाही. ज्या प्रोग्रॅमचे काम अडले त्याला याचा पत्ताही लागायचा नसतो. हँडलरने जाताना एकही रजिस्टर इकडचे तिकडे केलेले नाही, कुठलेही कुलूप सोडायचे राहिलेले नाही आणि ज्या उपकरणाने बोलावले त्याचे समाधान केलेले आहे, या तीन गोष्टींवर सगळा डोलारा उभा असतो. तिन्हींपैकी एक जरी खोटी ठरली तरी कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, बग शिरतो. तो शिरला आहे हे मात्र बहुधा तिसऱ्याच ठिकाणी कळते.

साध्या बगाला एक प्रकारचा प्रामाणिकपणा असतो. तीच माहिती दिली की तो तीच चूक करतो. इंटरप्टच्या बगाकडून ही अपेक्षा करता येत नाही, कारण व्यत्यय कधी येणार हे प्रोग्रॅम ठरवत नाही, बाहेरचे जग ठरवते. दहा हजार आज्ञांच्या तुकड्यात कोणत्याही दोन आज्ञांच्या मध्ये तो टपकू शकतो. त्यातल्या नऊ हजार नऊशे नव्याण्णव जागी काहीही बिघडत नाही. उरलेल्या एका जागी तो येतो तेव्हा बहुधा ग्राहकासमोर प्रात्यक्षिक चालू असते.

हा धोका ओळखायला फार काळ लागला नव्हता. १९५७ च्या सुमारास ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये एक्स-१ या संगणकाचा आराखडा आकार घेत होता. यंत्राची बाजू सांभाळणाऱ्या लोपस्ट्रा आणि स्खोल्टेन यांनी इंटरप्टची कल्पना मांडली आणि प्रोग्रॅमची बाजू ज्यांच्या गळ्यात होती त्या एड्सगर डायक्स्ट्रा यांच्या पोटात गोळा आला. पुन्हा तेच केले की पुन्हा तेच घडते, अशा यंत्रांची त्यांना सवय होती. आता आपल्या हातून चूक झाली तर ती शोधायची कशी, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो अगदी रास्त होता. त्यांनी निर्णय तीन महिने लांबवला. अखेर सहकाऱ्यांनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवले आणि होकार मिळवला. १९५९ साली डायक्स्ट्रांना डॉक्टरेट मिळाली, त्या प्रबंधात याच यंत्राचा इंटरप्ट हाताळणारा प्रोग्रॅम होता. पुढे साऱ्या जगाला शिस्तबद्ध प्रोग्रॅमिंगचे धडे देणाऱ्या माणसाने जी गोष्ट तीन महिने टाळली, ती आज इंजिनिअरिंगचा विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत हौसेने हातात घेतो आणि दुसऱ्या दिवशी कळफलक बदलून पाहतो.

कळफलकाचा यात दोष नसतो. पण तिथे जाण्याआधी आयबीएमचे देणे नोंदवणे आवश्यक आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीत इंटरप्ट गोळा करायला इंटेलची ८२५९ ही चिप होती. तिच्या आठ तारा, शून्य ते सात. शून्यावर घड्याळ, एकवर कळफलक, सहावर फ्लॉपी, सातवर प्रिंटर. १९८४ च्या पीसी एटीत आणखी एक चिप जोडली गेली, पण ती जोडायलाच पहिल्या चिपची दोन नंबरची तार खर्ची पडली. त्यामुळे आठ आणि आठ मिळून पंधरा झाल्या. खरा घोळ मात्र क्रमांकांचा होता. इंटेलने पहिले ३२ क्रमांक प्रोसेसरच्या स्वतःच्या तक्रारींसाठी राखून ठेवले होते आणि तसे छापूनही ठेवले होते. आयबीएमने त्यांतलेच आठ ते पंधरा हे क्रमांक या तारांना वाटून टाकले. तेव्हाच्या ८०८८ प्रोसेसरला ते लागत नव्हते, त्यामुळे कोणी भांडले नाही. रिकाम्या प्लॉटवर बांधकाम झाल्यावर मूळ मालक सातबारा घेऊन हजर व्हावा, तसे पुढच्या पिढीचे प्रोसेसर आपापले क्रमांक मागत आले. पाच नंबर इंटेलने 'मर्यादा ओलांडली' या अपवादासाठी ठेवला होता. आयबीएमच्या बायोसने त्यावर 'पडदा छापा' ही सेवा बसवली होती. परिणामी एखाद्या प्रोग्रॅमने तपासणीची ती आज्ञा वापरली आणि आकडा मर्यादेबाहेर निघाला, तर यंत्र निमूटपणे पडदा कागदावर छापू लागे. छापून झाले की परत त्याच आज्ञेपाशी येई, आकडा अजून बाहेरच असे, आणि छपाई पुन्हा सुरू.

आठ नंबरचा वारसा याहून टिकाऊ निघाला. या क्रमांकावर 'डबल फॉल्ट' बसतो, म्हणजे एक संकट निस्तरता निस्तरता दुसरे आले, असे प्रोसेसरचे निवेदन. नवशिक्या कर्नललेखक इंटरप्ट चालू करतो आणि पुढच्या ५५ मिलिसेकंदांत त्याला डबल फॉल्ट मिळतो. तो आपल्या कोडमधले पहिले संकट शोधत बसतो. पहिले संकट नसतेच, दुसरेही नसते. सेकंदाला १८.२ वेळा टिकटिकणारे घड्याळ आठ नंबरच्या दारातून आत आलेले असते, एवढेच. त्यातही एक बारीक गंमत आहे. खऱ्या डबल फॉल्टबरोबर प्रोसेसर स्टॅकवर एक एरर कोड ठेवतो, घड्याळ ठेवत नाही. त्यामुळे हँडलर कोड समजून जे उचलून फेकतो तो परतीचा पत्ता असतो. यानंतर प्रोसेसर जिथे परततो ती जागा कोणीच योजलेली नसते. ८२५९ ला सुरुवातीलाच नवे क्रमांक शिकवणे हा यावरचा उपाय आहे, आणि तो प्रत्येक पाठ्यपुस्तकात पहिल्याच प्रकरणात असतो. वाचला जातो तो सहसा नंतर.

या चिपची सात नंबरची तार वेगळ्याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. एखादे उपकरण तार वर करते, चिप प्रोसेसरला ढोसते, प्रोसेसर 'कोण?' म्हणून विचारतो आणि तेवढ्यात उपकरण विचार बदलून तार खाली सोडते. आता चिपपुढे धर्मसंकट असते. विचारले आहे म्हणजे उत्तर दिलेच पाहिजे, आणि 'कोणी नाही' असे सांगायची सोय तिच्यात केलेलीच नाही. मग ती सात म्हणून मोकळी होते. प्रिंटर जोडलेला नसताना प्रिंटरचा हँडलर धावत येतो, तो यामुळे. शहाण्या हँडलरने आधी चिपचे एक रजिस्टर वाचून सातवा बिट पाहायचा असतो. तो शून्य असेल तर काहीही न करता परत फिरायचे, पोचपावतीही द्यायची नाही. दुसऱ्या चिपकडून हीच थाप पंधरा नंबर म्हणून येते. तेव्हा दुसऱ्या चिपला पोचपावती द्यायची नाही, पण पहिलीला द्यायची, कारण दुसरीने आपल्याला फसवले हे पहिलीला माहीत नसते. लिनक्सच्या लॉगमध्ये 'स्प्युरिअस ८२५९ए इंटरप्ट: आयआरक्यू ७' अशी ओळ दिसली की जाणकार ती वाचतात आणि पुढे जातात.

पोचपावतीचा विषय निघालाच आहे, तर इंटरप्टच्या बगांचे दोन मोठे वर्ग सांगितले पाहिजेत. एक म्हणजे शांतता आणि दुसरा म्हणजे गदारोळ.

शांततेत इंटरप्ट एकदा येतो आणि मग येतच नाही. हँडलरने काम संपवून ८२५९ ला 'झाले' असे कळवायचे असते. हेक्स २० हा आकडा हेक्स २० याच पोर्टवर लिहायचा, म्हणजे विसरायला खरे तर निमित्त नाही. तरी विसरले जाते. शिवाय कळफलकाच्या बाबतीत पोर्ट ६० वरून दाबलेल्या कळीचा क्रमांक उचलायचा असतो. तो उचलला नाही तर पुढचा इंटरप्ट निघत नाही. या दोन्ही विसरभोळेपणांचे लक्षण एकच आहे. पहिले अक्षर ऐटीत पडद्यावर उमटते, आणि मग कळफलक मौनात जातो. एक अक्षर उमटले म्हणजे बाकी सगळे बरोबर आहे, असा माणसाचा स्वाभाविक समज होतो. कळफलक बदलला जातो तो याच टप्प्यावर.

गदारोळ अधिक शिकवणारा आहे. जुन्या पद्धतीत तारेवरचा दाब बदलला त्या क्षणाची नोंद घेतली जाई. पीसीआय बस आली आणि तार वर आहे तोवर इंटरप्ट चालूच, असा नियम झाला, कारण एका तारेवर अनेक उपकरणे बसवायची होती. चाळीत एकाच बिऱ्हाडी फोन असे आणि अख्ख्या मजल्याच्या लग्नपत्रिकांवर तोच नंबर 'पीपी' म्हणून छापलेला असे, तसलीच ही व्यवस्था. घंटी वाजली की कर्नल त्या तारेवरच्या प्रत्येक हँडलरला ओळीने विचारतो. ज्याचे काम असेल तो 'माझे' म्हणतो, उपकरणाला शांत करतो आणि तार खाली येते. सगळेच 'माझे नाही' म्हणाले तर तार वरच राहते. हँडलर संपतो, प्रोसेसर परतायला पाऊल उचलतो, आणि घंटी वाजतच असते. पुन्हा तीच ओळ, तीच उत्तरे. या अवस्थेत यंत्र बंद पडलेले नसते, उलट अत्यंत कार्यमग्न असते. फक्त वापरणाऱ्याच्या कामाला त्याच्याकडे वेळ नसतो.

लिनक्स कर्नलची सहनशीलता इथे मोजून ठेवलेली आहे. एका तारेवरचे एक लाख इंटरप्ट झाले की तो हिशेब करतो. त्यांतल्या ९९,९०० पेक्षा जास्त इंटरप्टना कोणीच वाली निघाला नाही, तर तार अडकली आहे असे तो मानतो. म्हणजे लाखातल्या शंभरांची जरी कोणी दखल घेतली, तरी कर्नलच्या मते कारभार ठीक चालला आहे. हा निकष कुठून घेतला असावा याबद्दल तर्क करण्याचा मोह आवरावा. मर्यादा ओलांडली की लॉगमध्ये त्याची सर्वांत प्रसिद्ध ओळ उमटते: 'आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड'. दाद ना फिर्याद. त्याखाली 'डिसेबलिंग आयआरक्यू #१६' असा निकाल लागतो आणि तार कापली जाते.

निकालात अन्याय होतो तो असा, की शिक्षा तारेला होते, दोषी उपकरणाला नाही. गोंगाट करणारी चिप अनेकदा अशी असते की तिचा ड्रायव्हर चढवलेलाच नाही. मग 'माझे' म्हणणार कोण? पण त्याच तारेवर यूएसबी बसलेले असते, आणि ते बिचारे तारेबरोबर जाते. वापरणारा तक्रार लिहितो की माउस बिघडला. सोबत माउसचा फोटोही जोडतो.

यावर जे तोडगे सुचवले जातात त्यांचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. कर्नल सुरू होताना द्यायच्या ओळीत 'आयआरक्यूपोल' लिहावे, 'नोएपिक' लिहावे, अगदीच नड असेल तर 'एसीपीआय-ऑफ' लिहावे, असे सांगितले जाते. आयआरक्यूपोलचा अर्थ, बेवारस इंटरप्ट आला की सगळ्या तारांवरच्या सगळ्या हँडलरना विचारत सुटा, आणि घड्याळाच्या प्रत्येक टिकटिकीलाही विचारा. रोगी माणूस तिन्ही एकदम लिहितो, यंत्र सुरू होते, आणि कशाने सुरू झाले हे पाहायची त्याची छाती होत नाही. ती ओळ पुढे एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर, एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत नेली जाते. १९९८ च्या पीसीआय २.२ मध्ये तारेऐवजी मेमरीतल्या ठरलेल्या पत्त्यावर संदेश लिहिण्याची सोय झाली आणि सामायिक तारेची गरज हळूहळू संपली. पण ही सोय आपल्याकडे आहे असे सांगणारी आणि प्रत्यक्षात नसलेली उपकरणेही बाजारात आली, म्हणून कर्नलमध्ये अशांची नावनिशीवार यादी ठेवावी लागते. ती कमी होताना दिसत नाही.

कर्नल सहसा कोरडे बोलतो, पण इंटरप्टपुढे त्याचाही तोल सुटतो. जो इंटरप्ट रोखताच येत नाही, तो कारण न सांगता आला तर लिनक्स 'अहं' असा हुंकार देऊन कारण अज्ञात असल्याचे कबूल करतो आणि पुढे लिहितो: 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड, बट ट्राइंग टू कंटिन्यू'. चक्रावलो आहे, गोंधळलो आहे, पण रेटतो आहे. जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्याला एक प्रश्नही विचारत, काही विचित्र वीजबचतीची पद्धत चालू केली आहे का? संगणकाने माणसाला विचारलेल्या प्रश्नांत इतका अगतिक प्रश्न दुसरा नसेल.

गदारोळाची कुळी बरीच मोठी आहे. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरत असताना संगणकाने १२०२ हा इशारा दिला, तोही याच घराण्यातला. दोन यानांच्या भेटीसाठी असलेल्या रडारची वीज आणि संगणकाकडच्या मोजणीची वीज यांचा मेळ बसला नव्हता आणि न हलणारे रडार हलते आहे असे समजून सेकंदाला बारा हजारांहून अधिक वेळा मोजणी होत होती. दर वेळी प्रोसेसरचा एक क्षण चोरीला जाई. व्याख्येने हा इंटरप्ट नव्हे, सख्खा चुलतभाऊ. पण वेळेचा सातवा-आठवा हिस्सा गेला. पुढे १९९६ मध्ये मोगल आणि रामकृष्णन यांनी नेटवर्कवरच्या याच दुखण्याची चिरफाड केली. पॅकेट इतक्या वेगाने येतात की ती आल्याची वर्दी घेण्यातच सगळा वेळ जातो आणि एकही पुढे पोचत नाही. त्यांचा उपाय असा की वर्दी एकदा घ्यावी, घंटी बंद करावी आणि मग सवडीने स्वतः जाऊन विचारावे. लिनक्सने नेटवर्कसाठी हीच चाल पुढे स्वीकारली.

आता शोधमोहिमेकडे. इंटरप्टचा बग पकडायला निघालेला माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे हँडलरमध्ये एक ओळ छापून पाहतो. सिरीअल पोर्टवर ११५२०० बॉड या वेगाने ऐंशी अक्षरांची ओळ पाठवायला सुमारे सात मिलिसेकंद लागतात. चांगला हँडलर सात मायक्रोसेकंदांत उरकतो. म्हणजे ज्याचा वेग तपासायचा त्याला हजारपट मंद करून मग तपासणी सुरू होते. अशा वेळी बग नाहीसा होतो. ओळ काढली की परत येतो. जिम ग्रे यांनी १९८५ च्या अहवालात वापरलेल्या नावाने अशा बगाला हायझेनबग म्हणतात, आणि नावाने थोडे समाधान मिळते, बाकी काही नाही.

एक प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. हँडलर उपकरणाच्या रजिस्टरमध्ये 'कळले, आता थांब' असे लिहितो. प्रोसेसरच्या दृष्टीने लिहून झाले. प्रत्यक्षात ते लिखाण मधल्या ब्रिज चिपच्या बफरमध्ये बसून आहे. हँडलर संपतो, तार अजून वर आहे, इंटरप्ट पुन्हा येतो. तोवर चिठ्ठी पोचलेली असते, उपकरण शांत असते, आणि हँडलर प्रामाणिकपणे सांगतो, 'माझे नाही'. लॉगमध्ये एक खरा, एक बेवारस, एक खरा, एक बेवारस असा ताल दिसतो. छापण्याची ओळ घातली की त्या सात मिलिसेकंदांत चिठ्ठी निवांत पोचते, आणि ताल थांबतो. उपाय असा की लिहिल्यावर तेच रजिस्टर लगेच वाचायचे. वाचन पुरे व्हायचे तर आधीचे लिखाण पोचवावेच लागते. वाचलेल्या आकड्याचे पुढे काहीच करायचे नसते. म्हणून ही ओळ फार जपावी लागते. कोड साफ करायला आलेल्या नव्या माणसाला ती निरुपयोगी दिसते, तो ती पुसतो, आणि त्याच्या पुसण्याचे कौतुकही होते.

म्हणून अनुभवी मंडळी छापत नाहीत, मेमरीतल्या गोल बफरमध्ये टिपून ठेवतात आणि नंतर निवांत वाचतात. कोणी एखादी पिन वर-खाली करून ऑसिलोस्कोपवर पाहते. क्यूईएमयूसारख्या आभासी यंत्रात प्रत्येक इंटरप्टची नोंद मिळते. फक्त तिथे बग येत नाही, कारण आभासी उपकरण खऱ्याइतके बेशिस्त नसते. गिट-बायसेक्ट हे हत्यार फार नावाजलेले आहे, आणि रास्तच. चौदा-पंधरा हजार बदलांतून दोषी बदल चौदा पायऱ्यांत निघतो. अट एवढीच की प्रत्येक पायरीला 'चांगले' की 'वाईट' हे सांगता आले पाहिजे. दोन दिवसांतून एकदा दर्शन देणाऱ्या बगाबाबत 'चांगले' म्हणायला किती दिवस थांबायचे? मध्ये एकदा उतावीळपणे चांगले म्हटले की पुढच्या सगळ्या पायऱ्या मोठ्या आत्मविश्वासाने भलत्याच माणसाच्या पॅचपर्यंत नेऊन सोडतात. तो माणूस नेमका रजेवर असतो.

कुलपांचा प्रकार त्यामानाने सभ्य आहे. कर्नलच्या साध्या भागाने एक कुलूप घेतले, तेवढ्यात त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट आला आणि हँडलरलाही तेच कुलूप हवे झाले, की हँडलर कुलूप सुटण्याची वाट पाहत बसतो आणि ज्याने ते सोडायचे तो हँडलर संपण्याची. दोघेही आपल्या परीने बरोबर असतात. इंगो मोल्नार यांनी २००६ मध्ये आणलेला लॉकडेप असली जोडी प्रत्यक्ष अडकण्याआधीच दाखवतो, त्यामुळे या जातीचे बग आता माणसांपेक्षा यंत्रच जास्त पकडते.

यंत्राला न पकडता येणारी गोष्ट म्हणजे जबाबदारी. हार्डवेअरवाले म्हणतात, चिप कागदावर लिहिल्याप्रमाणे वागते, ड्रायव्हर पाहा. ड्रायव्हरवाले म्हणतात, बायोसने तारांचा चुकीचा तक्ता दिला. बायोसवाले म्हणतात, विंडोजवर चालते. हे शेवटचे वाक्य आले की चर्चा संपते, कारण ते खरे असते आणि त्याचा उपयोग काहीच नसतो.

याचे चांगले उदाहरण २०२० मध्ये मिळाले. लेनोवोच्या लीजन-५ आणि त्याच घरातल्या काही एएमडी लॅपटॉपांवर लिनक्समध्ये टचपॅड चालेना. कोणाचा बाण थिजलेला, कोणाचा आचके देत सरकणारा. टचपॅड ज्या आय-टू-सी बसवर बोलतो तिच्यावर आपणहून तोंड उघडण्याची परवानगी नाही, म्हणून त्याला एक वेगळी तार दिलेली असते. ती जीपीआयओ चिपच्या एका पिनेत जाते. ती चिप अशा सगळ्या पिना गोळा करून प्रोसेसरला एकच इंटरप्ट पाठवते, आणि एएमडीच्या यंत्रांवर त्याचा क्रमांक सात असतो. प्रिंटर गेला, नंबर राहिला. टचपॅडकडे स्वतः वारंवार जाऊन विचारले तर तो सगळी माहिती बिनचूक देई. म्हणजे टचपॅड धडधाकट, बसही धडधाकट. वर्दी तेवढी पोचत नव्हती. अगदीच पोचत नव्हती असेही नाही. सेकंदाला साधारण सात वेळा पोचत होती.

सातचा आकडा संशयास्पद होता. तार तुटली असती तर शून्य आले असते, गदारोळ असता तर हजारो. सात येतात म्हणजे कोणीतरी नेमाने अडवते आहे. अडवणारा निघाला डिबाउन्स फिल्टर. बटण दाबले की धातूचे तुकडे काही मिलिसेकंद थरथरतात आणि एका दाबाचे अनेक दाब दिसतात. म्हणून पिनेवरचे बदल थोडा वेळ दुर्लक्षित करायची सोय चिपमध्ये असते. टचपॅडच्या तारेत थरथरणारे काही नाही. पण बायोसने हा दुर्लक्षाचा काळ १२४.८ मिलिसेकंद लिहून ठेवला होता, आणि कर्नलचा ड्रायव्हर इंटरप्टचा प्रकार ठरवताना कोणी न सांगता फिल्टर चालू करत होता. दोघांपैकी एकाने जरी आगाऊपणा टाळला असता तरी काही बिघडले नसते. सेकंदात १२४.८ मिलिसेकंदांचे जेमतेम आठ तुकडे बसतात, म्हणजे वर्द्याही सात-आठच पोचणार. हिशेब लागला.

हिशेब लागल्यावर फिल्टर बंद करायला जावे, तर बंद करणारा कोडच चुकीचा होता. फिल्टरचे दोन बिट रजिस्टरमध्ये पाच आणि सहा या जागी असतात. कोडने दोन बिटांचा मुखवटा पाच घरे सरकवायला हवा होता. तो सरकवायचा राहिला आणि शून्य व एक या जागा पुसल्या जात. तिथे दुर्लक्षाचा काळ किती, हा आकडा राहतो. म्हणजे फिल्टर बंद करा म्हटले की फिल्टर चालूच राही आणि त्याचे घड्याळ तेवढे बदले. जाता जाता आणखी एक गोष्ट सापडली. ३२,७६८ हर्ट्‌झच्या घड्याळाचे ५१२ ठोके म्हणजे १५.६२५ मिलिसेकंद, पण माहितीपत्रकावरून ड्रायव्हरमध्ये १५.६ हा आकडा आला होता. १२४.८ हा त्याचाच आठपट. खरा आकडा १२५. या ०.२ मिलिसेकंदाचा टचपॅडच्या दुखण्याशी काडीचाही संबंध नव्हता, तरी तोही दुरुस्त झाला.

मुख्य दुरुस्तीत नवे काही लिहावे लागले नाही, ड्रायव्हर आगाऊपणे फिल्टर चालू करत होता त्या ओळी फक्त काढल्या. फिल्टर हवा की नको आणि किती वेळाचा, हे ज्याचे त्याने सांगावे, असे ठरले.

ज्यांना अशी तक्रार कधी लिहावी लागेल त्यांनी कर्नलच्या प्रॉक विभागातली 'इंटरप्ट्स' ही फाइल दोनदा घ्यावी, दहा सेकंदांच्या अंतराने, एकदा टचपॅडवर बोट फिरवताना आणि एकदा हात बाजूला ठेवून. दोन्ही आकडे जोडावेत. सुरुवातीच्या ओळीत घातलेले जुने तोडगे आधी काढावेत, आणि काढता येत नसतील तर निदान कोणते घातले आहेत ते लिहावे. माउसचा फोटो पाठवू नये.